कर्बसंचयाच्या योजना आणि वन सांभाळणाऱ्यांचे मत

घोड नदीच्या काठी, पुणे-नाशिक रस्त्यावर वसलेल्या कळंब गावाहून पश्चिमेकडे निघाले म्हणजे प्रथम उसाची व भाजीपाल्याची बागायत लागते. पुढे घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या वर गेले की डोंगर जवळ येतात आणि शेवटी आहुपे, भीमाशंकर या बाजूचे दाट रान सुरू होते. एकाच आंबेगाव तालुक्यात बागायती शेत, उघडा माळ, गवताची कुरणे, हिरड्याची राई व राखीव वन ही सर्व एकामागून एक पाहावयास मिळतात. शेजारच्या जुन्नर तालुक्याची स्थितीही अशीच आहे. अशा प्रदेशात झाडे वाढवून त्यांत साठणाऱ्या कर्बाचे मोल मिळविण्याची योजना आली, तर ती कोणाच्या मनास किती पटेल व का पटेल, हे आधीच जाणून घेणे अगत्याचे असते. ते कसे जाणावे याची रीत या लेखात सांगितली आहे.

कर्बसंचय म्हणजे काय?

झाड हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पानांवाटे घेते व त्यातील कर्ब आपल्या खोडात, फांद्यांत व मुळांत साठविते. झाडाच्या वाळलेल्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो. हिशेबासाठी शेकडा ४७ भाग धरण्याची पद्धत आहे. एक टन कर्ब साठविण्यासाठी झाडास सुमारे ३.६७ टन कर्बवायू हवेतून घ्यावा लागतो. यावरून, मुळांसह वाळलेले वजन एक टन भरेल एवढे झाड वाढले, तर त्याने सुमारे १.७२ टन कर्बवायू हवेतून काढून घेतला, असा हिशेब निघतो. असा एक टन कर्बवायू साठविल्याबद्दल जो दाखला मिळतो त्यास कर्ब पत म्हणतात. ज्या कारखान्यांना आपल्या धुराची भरपाई करावयाची असते ते ही पत विकत घेतात.

या व्यवहाराचा पाया १९९७ च्या क्योतो कराराने घातला गेला. २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी भारताने २०३० पर्यंत वने व झाडे वाढवून २५० ते ३०० कोटी टन कर्बवायू अधिक साठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कर्ब पत व्यापाराची योजना आणि हरित पत कार्यक्रमाचे नियम प्रसिद्ध केले. त्यामुळे हा विषय आता दूरच्या देशांपुरता राहिलेला नाही.

मात्र या योजनेच्या अटी नेहमीच्या वृक्षलागवडीपेक्षा कडक असतात. पहिली अट अशी की, योजना नसती तर जी झाडे उभी राहिलीच नसती त्यांचाच हिशेब धरला जातो. दुसरी अट अशी की, साठविलेला कर्ब दीर्घकाळ टिकला पाहिजे. क्योतो कराराखालील वनलागवडीच्या प्रकल्पांना एकतर सरळ ३० वर्षांची, किंवा २० वर्षांची व पुढे दोन वेळा वाढविता येणारी मुदत होती. तिसरी अट अशी की, एका डोंगरावर तोड थांबविल्याने ती शेजारच्या डोंगरावर जाऊ नये. चौथी अट म्हणजे ठराविक काळाने झाडांची मोजणी करून ती त्रयस्थाकडून तपासून घ्यावी लागते.

या अटींमुळेच मतांचा प्रश्न उभा राहतो. पावसाळ्यात खड्डे खणून रोपे लावण्यास एका दिवसाचा उत्साह पुरतो. पण तीस वर्षे एखादा डोंगर राखण्यासाठी तो राखणाऱ्यांचे मन त्या कामात असावे लागते.

वनाचा व्यवस्थापक कोण?

वनाचा व्यवस्थापक म्हटला की वनखात्याचा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. तेथील उपवनसंरक्षक, वनक्षेत्रपाल, वनपाल व वनरक्षक हे व्यवस्थापक आहेतच. परंतु त्यांच्याखेरीज आणखी तीन प्रकारचे लोक वन सांभाळतात.

महाराष्ट्रात १९९२ पासून संयुक्त वन व्यवस्थापनाची पद्धत सुरू झाली व गावोगावी त्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. या समित्यांचे सदस्य हे दुसऱ्या प्रकारचे व्यवस्थापक होत. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेस दिला. ज्या गावांना हा हक्क मिळाला तेथे ग्रामसभा ही तिसरी व्यवस्थापक होय. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाचे उदाहरण या बाबतीत सर्वांना ठाऊक आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे तेथे ग्रामसभेच्या मतास विशेष वजन आहे. चौथा व्यवस्थापक म्हणजे आपल्या बांधावर, पडीक जमिनीत किंवा मालकीच्या हिरड्याच्या राईत झाडे राखणारा शेतकरी.

या चौघांची मते एकसारखी असतील असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. वनरक्षकाच्या दृष्टीने योजना म्हणजे गस्त, वणवा, मोजणी व नोंदवह्या यांची भर. बिबट्यांचा वावर असलेल्या या विभागात त्याचा बराच वेळ पिंजरे लावणे, पंचनामे करणे व भयभीत लोकांची समजूत घालणे यांतच जातो. गुरे पाळणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तीच योजना म्हणजे गवताच्या डोंगराला पडणारे कुंपण असू शकते. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून चार पैसे मिळविणाऱ्या आदिवासी कुटुंबास, हिरडा राखला जाणार की त्याच्या जागी दुसरीच झाडे येणार, हा पहिला प्रश्न वाटतो.

मत मोजावयाचे कशासाठी?

‘झाडे लावावीत असे आपणांस वाटते काय?’ असा प्रश्न विचारला तर शंभरापैकी बहुतेक सर्व जण होकार देतील. हा होकार योजनेला नसून झाडांना असतो. असा होकार गृहीत धरून तीस वर्षांचा करार केला आणि दुसऱ्याच वर्षी कुंपण तुटले, वणवा विझविण्यास कोणी गेले नाही, तर दोष लोकांच्या माथी मारला जातो. वास्तविक चूक प्रश्न विचारण्यात झालेली असते.

मानसशास्त्रात एखाद्या गोष्टीकडे अनुकूल किंवा प्रतिकूल दृष्टीने पाहण्याच्या स्थिर कलास अभिवृत्ती असे म्हणतात. ती वजनाप्रमाणे तराजूत घालता येत नाही. परंतु अनेक विधानांना माणूस कसा प्रतिसाद देतो यावरून तिचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतील रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये यासाठी एक सोपी श्रेणी सुचविली. कृषिविस्ताराच्या अभ्यासात ती आपल्याकडेही सर्रास वापरली जाते. गावपातळीवरील कार्यकर्त्यास थोड्या सरावाने ती वापरता येईल.

विधाने कशी तयार करावीत?

प्रथम आठ-दहा जाणत्या लोकांशी मोकळेपणाने बोलावे. त्यांत वनरक्षक, समितीचा अध्यक्ष, गुराखी, सरपण व गवत आणणाऱ्या स्त्रिया आणि मालकीची झाडे असणारा शेतकरी अवश्य असावेत. त्यांच्या बोलण्यातील शंका व अपेक्षा त्यांच्याच शब्दांत टिपून घ्याव्यात. त्यांवरून तीस-चाळीस विधाने तयार करावीत. निम्मी विधाने योजनेस अनुकूल व निम्मी प्रतिकूल असावीत; सर्वच अनुकूल असल्यास माणूस विचार न करता मान डोलावतो. नमुन्यादाखल काही विधाने पुढे दिली आहेत.

१. उघड्या डोंगरावर झाडे वाढल्यास खालच्या विहिरींना पाणी अधिक दिवस टिकेल.
२. कर्ब विकून येणारा पैसा गावापर्यंत पोहोचणार नाही.
३. तीस वर्षांच्या कराराने पुढच्या पिढीचे हात बांधले जातील.
४. योजनेच्या क्षेत्रातही गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवता येईल.
५. झाडी दाट झाल्यास बिबट्यास आडोसा मिळून उपद्रव वाढेल.
६. गावातील तरुणांना शिकविल्यास ते झाडांची मोजणी बिनचूक करतील.
७. योजनेमुळे कागदी काम वाढून वनाची गस्त मागे पडेल.
८. कर्बाचे उत्पन्न मिळू लागल्यास वणवा विझविण्यास गाव अधिक तत्परतेने येईल.

यांपैकी १, ४, ६ व ८ ही विधाने अनुकूल आणि २, ३, ५ व ७ ही प्रतिकूल आहेत. ही विधाने खरी की खोटी हे येथे ठरवावयाचे नसून, ती ऐकून माणसाचा कल कोणीकडे झुकतो एवढेच पाहावयाचे असते.

विधाने रचताना दोन चुका टाळाव्यात. एका विधानात दोन विचार नसावेत. ‘झाडांमुळे जमीन सुधारते व उत्पन्नही मिळते’ असे म्हटल्यास, पहिला भाग मान्य व दुसरा अमान्य असणाऱ्याने काय उत्तर द्यावे? तसेच ज्यास कोणीच नाकारणार नाही असे विधान निरुपयोगी असते. ‘वने राखणे हे सर्वांचे कर्तव्य आहे’ यास सर्व जण होय म्हणतील व मोजमाप काहीच होणार नाही.

गुण कसे द्यावेत?

प्रत्येक विधानास ‘पूर्ण मान्य’, ‘मान्य’, ‘सांगता येत नाही’, ‘अमान्य’ व ‘पूर्ण अमान्य’ अशी पाच उत्तरे ठेवावीत. अनुकूल विधानास अनुक्रमे ५, ४, ३, २, १ असे गुण द्यावेत. प्रतिकूल विधानास उलट क्रमाने, म्हणजे १, २, ३, ४, ५ असे गुण द्यावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी विधान मोठ्याने वाचून दाखवावे व जमिनीवर आखलेल्या पाच घरांपैकी एका घरात खडा ठेवावयास सांगावे. यामुळे उत्तर देणेही सोपे जाते.

तयार केलेली सर्व विधाने प्रथम सुमारे चाळीस लोकांना विचारून पाहावीत. त्यांतून सर्वांत अधिक गुण मिळालेले दहा व सर्वांत कमी गुण मिळालेले दहा असे दोन गट वेगळे काढावेत. समजा, एका विधानास वरच्या गटाचे सरासरी गुण ४.४ व खालच्या गटाचे ४.३ आले, तर ते विधान अनुकूल व प्रतिकूल माणसांत भेद करीत नाही, ते गाळावे. दुसऱ्या विधानास ४.२ व २.१ असे गुण आले, तर ते ठेवावे. अशा रीतीने वीस चांगली विधाने निवडावीत. पंधरवड्यानंतर त्यांतील काही लोकांना तीच विधाने पुन्हा विचारावीत. उत्तरे फार बदलली तर विधाने नीट समजली नाहीत किंवा मत अजून बनलेलेच नाही, असे समजावे.

एकूण गुणांवर विसंबू नये

वीस विधानांचे एकूण गुण कमीत कमी २० व जास्तीत जास्त १०० होतात. ६० हा मध्य होय. परंतु केवळ बेरीज पाहून निष्कर्ष काढल्यास मोठी फसगत होते. हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, वीस विधाने पाच-पाचच्या चार गटांत विभागली आहेत : झाडांपासून जमीन व पाण्यास होणारा लाभ, पैशाची वाटणी, गवत-सरपण-हिरड्याचे हक्क, आणि कामाचा बोजा व मोजणीवरील विश्वास. प्रत्येक गटाचे गुण ५ ते २५ असू शकतात. पहिल्या माणसाने सर्वत्र ‘सांगता येत नाही’ म्हटले. त्याचे गुण १५, १५, १५ व १५, एकूण ६० झाले. दुसऱ्याचे गुण २४, १७, ८ व ११, म्हणजे एकूण ६० च झाले. बेरीज एकच असली तरी ही दोन माणसे अगदी भिन्न आहेत. पहिल्यास योजनेची माहितीच नाही; त्याला ती समजावून सांगितली पाहिजे. दुसऱ्यास झाडे मनापासून हवी आहेत, पण आपले हक्क जातील अशी त्याची खात्री झाली आहे. त्याच्यापुढे झाडांच्या महतीचे कितीही व्याख्यान दिले तरी उपयोग होणार नाही, कारण ते त्याला आधीच पटलेले आहे. त्याच्या बाबतीत कराराचा मसुदाच बदलला पाहिजे. म्हणून प्रत्येक गटाचे गुण वेगळे मांडावेत, आणि वनखात्याचे कर्मचारी, समितीचे सदस्य, ग्रामसभेतील स्त्री-पुरुष व मालकीची झाडे असणारे शेतकरी यांचेही तक्ते स्वतंत्र करावेत.

मतामागील अनुभव

गुण कमी आले तर त्यामागील कारण शोधावे. पुष्कळदा ते जुन्या अनुभवात सापडते. १९९० नंतरच्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतविल्यास अनेक पटींनी परत मिळतील, अशी जाहिरात करणाऱ्या पुष्कळ कंपन्या देशात निघाल्या व अनेकांचे पैसे बुडाले. त्यानंतर १९९९ मध्ये अशा योजनांसाठी ‘सेबी’ने नियम केले. ज्याने हे पाहिले आहे तो झाडावरील पैशाच्या गोष्टीस सहजासहजी भुलणार नाही. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९ मध्ये तर ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट होते. आपल्या शिवारातील त्या रोपांपैकी किती जगली हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते व त्यावरून तो नव्या योजनेची परीक्षा करतो.

दुसरे कारण न्यायबुद्धीचे असते. सह्याद्रीतील अनेक गावांनी देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखल्या आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केला. या रायांतील जुन्या वृक्षांत कर्बाचा मोठा साठा असतो. पण तो आधीपासूनच असल्यामुळे नव्या लागवडीच्या योजनेत त्यास मोल मिळत नाही. ‘ज्याने राखले त्याला काही नाही आणि ज्याने उजाड केले त्याला लागवडीचे पैसे,’ अशी तक्रार कोणी केली तर ती अज्ञान म्हणून झटकून टाकू नये. योजनेच्या पहिल्या अटीतील ही खरीखुरी अडचण असून, तिची नोंद जशीच्या तशी वरिष्ठांकडे पाठविली पाहिजे.

विचारताना घ्यावयाची काळजी

वनरक्षकास त्याच्या वरिष्ठांसमोर विचारू नये. वरिष्ठांना जे आवडेल तेच तो सांगेल. योजना राबविणाऱ्या संस्थेच्या माणसाने स्वतः मते गोळा करू नयेत. उत्तरपत्रिकेवर नाव लिहू नये; केवळ गट लिहावा. स्त्रियांची मते स्त्री-कार्यकर्तीने स्वतंत्रपणे घ्यावीत, कारण सरपण व गवत यांचा भार त्यांच्याच डोक्यावर असतो आणि भरसभेत त्या बोलतीलच असे नाही. कराराची मुदत, वाटणीचे प्रमाण व बंदी या गोष्टी आधी सर्वांना सारख्याच शब्दांत सांगाव्यात. न कळलेल्या गोष्टीविषयी घेतलेले मत हे मत नव्हे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. मत व वर्तन यांत अंतर असते. अमेरिकेत ला पियर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. एका चिनी दांपत्याबरोबर प्रवास करताना अडीचशेच्या वर खाणावळी व निवासगृहांपैकी केवळ एकाने त्यांना नाकारले. पुढे पत्राने विचारता, उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा ९० हून अधिक जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळविले. आइझेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडल्याप्रमाणे माणसाची कृती त्याच्या मताखेरीज आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असते : भोवतालचे लोक काय म्हणतील, आणि ते काम आपल्या हातून होईल काय. म्हणून मतांबरोबर दोन साधे प्रश्न अवश्य विचारावेत : ‘गावातील बाकीचे लोक यास साथ देतील काय?’ व ‘वणवा लागल्यास विझविण्यासाठी आपल्याकडे माणसे व वेळ आहे काय?’

निष्कर्षाचा उपयोग

मोजमाप करून कागद दप्तरात ठेवण्यात काही अर्थ नाही. निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावेत. हक्कांच्या गटात गुण कमी असतील तर गवत कापण्याचे दिवस, गुरांच्या वाटा व हिरड्याच्या झाडांचे रक्षण या गोष्टी करारात लेखी घालाव्यात. वाटणीच्या गटात गुण कमी असतील तर पैसा कोणत्या खात्यात येईल, त्याचा हिशेब कोण व केव्हा वाचील, आणि मोजणी, तपासणी व दलालीचा खर्च प्रथम कोण सोसेल हे ठरवून घ्यावे. कामाच्या बोजाविषयी नाराजी असेल तर मोजणीसाठी गावातील तरुणांना शिकवून त्यांना मेहनताना द्यावा. बिबट्याची भीती असेल तर वस्तीलगत दाट लागवड न करता मोकळा पट्टा सोडावा. एवढे करूनही गुण वाढले नाहीत, तर करार करू नये. तीस वर्षांच्या बंधनात अर्ध्या मनाने शिरण्यापेक्षा आरंभीच नकार देणे गावाच्या व वनाच्याही हिताचे आहे.

पहिले मोजमाप कराराच्या आधी व त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी, शक्य तर झाडांच्या मोजणीबरोबरच करावे. फितीने खोडाचा घेर घेतला म्हणजे झाड किती वाढले ते कळते. ते झाड राखणाऱ्यांचे मन योजनेजवळ आले की दूर गेले, हे त्याच वेळी विचारून नोंदविले, तर वणवा किंवा कुऱ्हाड येण्याच्या आधीच गावास व वनखात्यास सावध होता येईल.